पलंगाखालून

पडद्यावर पायाचा एक अंगठा आला आणि माझा श्वास अडकला. नुसता अंगठा हो. लहान मुलीचा, मळका, फरशीवर टेकलेला, आणि तोही पडद्याच्या अगदी कोपऱ्यात. त्याआधी बराच वेळ एक खोली दिसत होती, आणि ती इतक्या खालून दिसत होती की माणसांचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसावेत. बाईच्या सपाता, पुरुषाचे काळे बूट, बुटांशेजारी एक चामड्याची बॅग. पुरुष म्हणाला, ‘मी आता परत येणार नाही.’ सपाता हलल्या नाहीत. मग तो म्हणाला, ‘पोरीला तुला हवं ते सांग.’ बूट गेले, बॅग गेली, दार लागलं. मी मनात म्हणत होते, ही आजकालची पोरं कॅमेरा जमिनीवर ठेवून कुठे चहा प्यायला जातात कोण जाणे. तेवढ्यात तो अंगठा आला. म्हणजे इतका वेळ आपण जे बघत होतो, ते कुणीतरी पलंगाखाली पडून बघत होतं. शेजारी बसलेले वकील माझ्या कानाशी कुजबुजले, ‘बाई, पलंगाखाली प्रेत निघणार, लिहून ठेवा.’ एरवी मी त्यांना कोपरानं ढोसलं असतं. त्या वेळी माझं कोपर कुठे आहे तेच मला कळेना. कारण ती दोन वाक्यं मी ऐकलेली होती. दुसऱ्या आवाजात, पण शब्दाला शब्द हीच. सिनेमा माझ्या मुलीनं केला होता, आणि ती वाक्यं मी तिला आयुष्यात कधी सांगितलेली नव्हती.

माझं काम एक्स-रे काढायचं. इस्पितळाच्या तळघरात दिवसभर लोकांना सांगते, ‘श्वास रोखून धरा,’ आणि मग म्हणते, ‘सोडा.’ माणसाच्या आत काय मोडलंय ते मला त्याच्या आधी दिसतं आणि मला ते बोलायची परवानगी नसते, ते डॉक्टर बोलणार. म्हणूनच की काय, रहस्यपटांचं मला तरुणपणापासून वेड. जुन्या रहस्यपटांचं. ज्यात दाराची मूठ हळूच फिरते, जिन्यावर सावली आधी येते आणि माणूस मागून, आणि खुनी कोण हे आपल्याला पहिल्या अर्ध्या तासात कळलेलं असतं, फक्त त्या बिचारीला कळलेलं नसतं. आपण जाणतो, ती जाणत नाही, ह्याच्याइतकं भयंकर जगात दुसरं काही नाही. आमचं सिनेमाचं मंडळ आहे, रविवारी सकाळी एका जुन्या थिएटरचा लहान हॉल मिळतो. त्यात मी आणि वकील जुन्या गोटातले. वकील तर असे की पडद्यावर रंग आला तरी त्यांना फसवणूक वाटते. नव्या गोटाचा म्होरक्या म्हणजे एक तरुण, जाहिरातींची चित्रं करतो, डोक्यावरची टोपी हॉलमध्येसुद्धा काढत नाही म्हणून त्याला आम्ही टोपीवाला म्हणतो. आणि मध्ये पंच म्हणून मास्तर, आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मंडळाची रीत अशी की सिनेमा संपला की प्रत्येकानं उभं राहून निकाल द्यायचा, आणि सिनेमा करणारा समोर असेल तर निकालाआधी त्याला एक प्रश्न विचारायचा. गुळमुळीत बोलायचं नाही. जो गुळमुळीत बोलेल त्याला मास्तर खाली बसवतात.

आजही सिनेमा सुरू व्हायच्या आधी बाहेरच्या व्हरांड्यात आमची जुंपलीच होती. टोपीवाला म्हणाला, ‘बाई, तुमच्या जुन्या सिनेमात वारासुद्धा दिग्दर्शकाला विचारून वाहतो. खिडकी आपटली की समजायचं, आता कोणीतरी मरणार.’ मी म्हटलं, ‘आणि तुमच्या नव्या सिनेमात खिडकी आपटली की समजायचं, कोणीतरी लावायची विसरलं. तास-तासभर बाई भांडी घासते, आणि शेवटी काय तर भांडी स्वच्छ.’ वकील टाळी द्यायला पुढे झाले. टोपीवाला हसला, पण हट्ट सोडीना. म्हणे, ‘भीती नेहमी जिन्यावरच बसलेली असते का हो? कधी जेवायच्या टेबलाशी पण असेल की.’ मी म्हटलं, ‘असेल, पण मग ती दाखवा ना बाबा, आम्ही काय अंतर्ज्ञानी?’ माझी मुलगी जरा बाजूला खांबाशी उभी राहून ऐकत होती. ती संकलन करते, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या सिनेमांची कापाकापी आणि जोडाजोड, आणि हा तिचा स्वतःचा पहिला. गोष्ट काय आहे म्हणून मी तिला शंभरदा विचारलं असेल. ‘बघ, मग बोल,’ एवढंच म्हणायची. मास्तरांनी मला सगळ्यांदेखत बजावलं, ‘बाई, आज परीक्षा तुमची. पोटची पोर म्हणून सवलत नाही.’ मी म्हटलं, ‘भीड भिकेची बहीण. कापायचं तर कापणार.’ मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला तेच हवं होतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या तोंडची शाबासकी तिला लहानपणापासून सहजासहजी कधी मिळाली नाही, आणि खोटी दिलेली तिला चालली नसती. सिनेमा वाईट निघाला तर काय, एवढीच तेव्हा माझी धास्ती होती.

तो अंगठा मागे सरकला. पडद्यावर आता ती मुलगी पलंगाखालून बाहेर येत होती, हातात उशी, डोळे चोळत, झोपेतून उठल्याचं सोंग इतकं बेमालूम की मागून कोणीतरी कौतुकानं हसलं. आणि मला आमची खोली आठवली. उन्हाळा होता. फरशी गार म्हणून पोर पहाटे उशी ओढत पलंगाखाली जाऊन निजायची, ही तिची सवय मी पार विसरून गेले होते. त्या दिवशी सकाळी तिचा बाप, शिवणयंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडणारा माणूस, नेहमीसारखी बॅग भरून निघाला आणि दारात ती दोन वाक्यं बोलला. भांडण नाही, आदळआपट नाही. मी गॅसपाशी उभी होते, दूध वर येत होतं, आणि मी आधी दूध उतरवलं. मग वळले तर दार लागलेलं. पोर अजून झोपली आहे, एवढा एकच विचार मनात आला, आणि तिला काही कळलेलं नाही ह्या एका गोष्टीला मी बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. थोड्या वेळानं ती डोळे चोळत आली. तिच्या केसांत कोळिष्टक होतं. मी ते काढलं, आणि पलंगाखाली केरसुणी फिरवायची राहिली म्हणून स्वतःवरच चिडले. हे मला आता, ह्या खुर्चीत बसून आठवलं. माणसांच्या बरगड्यांमधली केसाएवढी चीर मी ओळखते. माझ्या पोरीच्या केसांतलं कोळिष्टक मी हातात धरून पाहिलं आणि केरात टाकलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

पडद्यावर संध्याकाळ झाली. ती बाई माझ्यासारखी दिसत नव्हती, मुलीनं एक उंच, शेलाटी नटी घेतली होती आणि तिला टायपिस्ट केलं होतं. पण ती कामावरून आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली, चपला पायात तशाच, पिशवी मांडीवर. मला माझ्या मांडीवर पिशवीचं ओझं जाणवलं. पोरगी आतून आली आणि तिनं विचारलं, ‘बाबा कधी येणार?’ बाई म्हणाली, ‘येतील. वाटेत पूल खचलाय.’ आणि उठून कामाला लागली, आणि भाजी चिरता चिरता पुलाची गोष्ट सांगायला लागली. अगं बाई, माझीच गोष्ट! रोज संध्याकाळी मी तिच्या बापाला एका नव्या संकटात टाकायची. कधी पूल खचला, कधी चुकीच्या गाडीत बसले, आणि एकदा एका तपकिरी कोटवाल्या माणसाशी त्यांच्या बॅगेची अदलाबदल झाली, तो कोटवाला तर मी पुढे दहा-बारा दिवस पुरवला. जुन्या सिनेमांवर पोसलेली बाई मी, मला काय कमी? ऐन रंगात आलं की सुरी थांबवायची आणि म्हणायचं, ‘बाकीचं उद्या.’ पोर डोळे मोठे करून ऐकायची. बापाचं ताटसुद्धा मी रोज मांडायची, न जाणो रात्री येतील म्हणून. मला वाटायचं, मी डोळ्यांत तेल घालून हिला सांभाळतेय. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटायचं, खोटं का बोलू. पुढे ती मोठी झाल्यावर एकदा सांगून टाकलं की तुझ्या बाबांनी दुसरीकडे संसार थाटला. तिनं नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि वही उघडली. मला वाटलं, विसरली असेल ती सगळं, मुलं विसरतात, देवाची दया.

आणि इथे ह्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की त्या पोरीला ठाऊक आहे. फक्त त्या बाईला ठाऊक नव्हतं. ती आपली पाठमोरी उभी राहून तपकिरी कोटवाल्याला स्टेशनावर पळवत होती, आणि मागे टेबलाशी सहा वर्षांची पोर मान वर करून विचारत होती, ‘मग?’ काहीच घडत नव्हतं हो. खरंच काही घडत नव्हतं. दिवा, ताटं, नळ, चिरलेल्या भाजीचा आवाज. पण माझ्या पाठीतून मुंग्या चालल्या होत्या. एका संध्याकाळी बाई म्हणाली, ‘आज काय झालं माहितीये? बाबांच्या चपलेचा पट्टाच तुटला, म्हणून गाडी चुकली.’ पोर म्हणाली, ‘पण त्यांनी तर बूट—’ आणि थांबली. पडद्यावरची सुरी थांबली. बाईचा हात तसाच, पाठ तशीच, फक्त मान थोडी कलली. हॉलमध्ये कोणाची खुर्ची वाजत होती ती वाजायची बंद झाली. वकिलांनी माझ्या खुर्चीचा हात धरला होता, त्यांना पत्ता नव्हता. मी स्वतः मनात ओरडत होते, सांभाळ गं, सांभाळ, आता कळेल तिला! आणि पोरगी म्हणाली, ‘त्यांनी बूट का नाही घातले?’ सुरी पुन्हा चालायला लागली. बाई खूश होऊन म्हणाली, ‘अगं, तीच तर गंमत आहे.’ सगळा हॉल एकदम सैलावला, मागे कोणीतरी जोरात श्वास टाकला. आणि मी मात्र तशीच राहिले, कारण तो प्रश्न मला लख्ख आठवत होता. किती हुशार पोर, कशी गोष्टीत रंगलीय, म्हणून मी त्या दिवशी तिचा गालगुच्चा घेतला होता.

मला मेलीला वाटत होतं, मी सांगतेय आणि ती ऐकतेय. आयुष्यभर मी ज्या बायांसाठी खुर्चीच्या कडेवर बसून जीव मुठीत धरला, ज्यांना म्हणायची, अगं मागे बघ, मागे बघ, त्यातलीच एक मी होते. आणि माझ्या मागे उभी होती ती काही खुनी नव्हती, बापाचं शेवटचं वाक्य पोटात घेऊन बसलेली एक एवढीशी पोर होती. मोठमोठ्या नटांना जे साधत नाही ते तिनं रोज संध्याकाळी केलं, एकदाही न चुकता, आणि एकदा चुकली तर कशी सावरली! मी थक्क झाले. दुसरा शब्द नाही. पडद्याकडे बघताना मला सारखं वाटत होतं की ही माझ्या पोटात वाढली, हिची नखं मी कापली, हिच्या नाकाला फडकं मी लावलं, आणि हिच्या आत एवढी मोठी खोली होती आणि तिचा दरवाजासुद्धा मला दिसला नाही. भरून येत होतं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, भीती वाटायला लागली. जुन्या सिनेमाची नव्हे, खरी. तिला ठाऊक होतं, तर ती रोज विचारत का होती? मला पकडायला? रोज संध्याकाळी ती टेबलाशी बसून बघत होती का, की आई आज कसं खोटं बोलते, उद्या कसं बोलते? तो ‘मग?’ मला इतकी वर्षं गोड वाटत आला होता, तो उलटतपासणीचा होता का? पडद्यावर त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. शेवटच्या दृश्यात बाई कामावरून आली, पिशवी खुंटीला लावली आणि सरळ ओट्याशी गेली. पोरगी दारात येऊन उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. संपला सिनेमा.

दिवे लागले. वकील डोळे पुसत होते, आणि डोळे पुसता पुसताच चिडलेले होते. ‘हा काय शेवट झाला? रीळ तुटलं का?’ लोक हसले. माझी मुलगी पडद्याखाली येऊन उभी राहिली होती, हात मागे बांधून, शाळेत उभी राहायची तशी. टोपीवाला आधी उठला आणि म्हणाला की हा आजचा सिनेमा आहे, शंभर टक्के नवा, कारण हा काहीच समजावून सांगत नाही. वकील ताडकन उभे राहिले. ‘नवा? अहो, आम्हाला माहीत आणि त्या बाईला नाही, हा तर निखळ जुना रहस्यपट आहे! आमच्या गोटातला!’ दोघं हमरीतुमरीवर आले, जुना म्हणून आमचा, नाही नाही, नवा म्हणून आमचा. पोरीच्या सिनेमावर हक्क सांगायला दोन्ही गोट भांडतायत हे बघून एरवी मी हवेत तरंगले असते. मास्तरांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. मग वकिलांनी आपला निकाल दिला. ‘बांधणी उत्तम. पण मुलगी पटत नाही. तिला सगळं माहीत आहे, आई तुटून गेली आहे हे दिसतंय, आणि तरी ही रोज तोच प्रश्न विचारून जखमेवर मीठ चोळते. हे मूल नाही, ही निर्दयी पोरगी आहे.’ हॉलमध्ये एक-दोघांनी माना डोलावल्या. माझ्या मुलीनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

‘बाई, आता तुम्ही,’ मास्तर म्हणाले. मी उठले. आधी प्रश्न, मग निकाल, ही रीत. मला एकच प्रश्न होता, आणि तो सिनेमातल्या मुलीबद्दल विचारता येत होता, ह्याबद्दल मी त्या मंडळाची जन्मभर ऋणी राहीन, कारण घरी मला तो कधी विचारता आला नसता. मी म्हटलं, ‘त्या मुलीला सगळं ठाऊक असतं. मग ती रोज का विचारते?’ टोपीवाला लगेच पुढे सरसावला, ‘बाई, ते दिग्दर्शकानं सांगायचं नसतं, तेच तर—’ मुलीनं त्याला हातानं थांबवलं. मग म्हणाली, ‘आई कामावरून आली की दाराजवळच्या स्टुलावर बसायची. चपला पायात, पिशवी मांडीवर. अंधार पडला तरी दिवा लावायची नाही. भूक लागली म्हटलं तरी ऐकू जायचं नाही तिला. बाबा कधी येणार, असं विचारलं की मात्र उठायची. गोष्ट रचायला लागली की हात चालायला लागायचे. दिवा लागायचा, गॅस पेटायचा. मग आम्ही जेवायचो.’ तिनं मान वर केली. हॉल होता, माणसं होती, मास्तर होते, पण ती माझ्याकडेच बघत होती. ‘विचारलं नाही तर तू उठतच नव्हतीस, आई.’

वकिलांचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि ते हळूहळू खाली बसले. मला ते सिनेमाचं शेवटचं दृश्य दिसत होतं. त्या संध्याकाळी बाई स्टुलावर बसलीच नव्हती, आपली आपण ओट्याशी गेली होती, म्हणून पोरीनं तोंड मिटलं. आणि मी इतकी वर्षं समजत होते की ती विचारायची थांबली म्हणून मी सावरले. केवढी होती ती? ओट्यावरचा डबा काढायला तिला पाट लागायचा. तिनं मला रोज संध्याकाळी त्या स्टुलावरून उचललं होतं, आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. जगात लेकरू आईच्या पाया पडतं, मला तिथे भर हॉलमध्ये वाकून माझ्या लेकीच्या पाया पडावंसं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मी पुसलंसुद्धा नाही. मास्तर घसा खाकरून हळूच म्हणाले, ‘बाई, निकाल द्यायचा राहिला.’

‘थांबा हो मास्तर,’ मी म्हटलं, ‘जरा बघू द्या मला तिच्याकडे.’